वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याचा तो दाखला मी अजून जपून ठेवला आहे. जन्माचा दाखला आणि आधार कार्ड यांच्या मधे, प्लास्टिकच्या फाइलमध्ये. वर संस्थेचं नाव, खाली गोल शिक्का, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. मग एक ओळ, ‘वर्तणूक’. तिच्यापुढे निळ्या शाईत लिहिलंय, ‘चांगली’. तिच्या खाली ‘शाळा सोडण्याचे कारण’, आणि पुढे ‘पालकांच्या विनंतीवरून’.

दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. वर्तणूक चांगली असती तर त्याच आठवड्यात मला पतसंस्थेतलं काम टाकून तीनदा शाळेत धावावं लागलं नसतं. आणि विनंती मी केली नव्हती. माझ्यासमोर कोरा कागद ठेवला, काय लिहायचं ते तोंडी सांगितलं आणि मी लिहीत गेले. सही करताना हात थरथरत होता, एवढं आठवतं.

तेव्हा माझा लेक सात वर्षांचा होता, दुसरीत. धाकटी बहीण त्याला दादा म्हणते म्हणून घरात सगळ्यांचाच तो दादा. इथेही तेच नाव वापरते. त्याचं खरं नाव सांगायचं की नाही, ते तो मोठा झाल्यावर ठरवेल.

लहानपणापासून तो वांडच. चालायला लागला तो पळतच. जेवताना चार घासांत दोनदा उठणार, बसला तरी पाय हलणार, बोलणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर देणार. सासूबाईंना त्याचं काहीच वाटायचं नाही. ‘ह्याचा बाप बी असाच हुता की, कुठं काय झालं?’ असं म्हणून त्या त्याला मांडीवर ओढायच्या. शेजारणी नजर लागली म्हणायच्या. कुणी बाहेरचं काहीतरी असेल म्हणून उतारा सांगितला, तोही मी केला. दोन शनिवार तिन्हीसांजेला चौकात नारळ-लिंबू ठेवून, मागे न बघता घरी आले. आई थकली की तिला जे सांगाल ते ती करते.

आम्ही राहतो लातुरात. बारावीच्या गुणवत्ता यादीनं आणि ‘लातूर पॅटर्न’नं या गावाचं नाव महाराष्ट्रभर नेलं. नांदेड, परभणी, बीड, सोलापूर, कुठून कुठून लेकरं इथे खोली करून, मेस लावून शिकायला येतात. आईबाप शेत गहाण ठेवून पाठवतात. त्या गावात माझ्या एका लेकरासाठी शाळा सापडत नव्हती. हे दुःख मी कुणाला सांगितलं की समोरचा म्हणायचा, अहो, लातुरात शाळांना काय तोटा?

त्याची पहिली शाळा सेमी इंग्रजीची, नावाजलेली. वर्गात अठ्ठावन्न मुलं, एका बाकावर तिघं. दादा मधे, म्हणजे उठायचं तर एकाला उठवूनच. मैदानाच्या जागेवर नवी इमारत उभी राहत होती, त्यामुळे खेळाचा तास वर्गातच. साधारण अकरा-चाळीसला माझा फोन वाजायचा. ‘मॅडम, लगेच या.’ कधी त्यानं शेजारच्याची वही फाडलेली असायची, कधी बाक ढकललेला, कधी खिडकीच्या गजांवर चढून ओरडणं. एकदा एका मुलाच्या दंडाला चावला. दातांची खूण मी डोळ्यांनी पाहिली आणि त्या मुलाच्या आईसमोर मान खाली घातली. त्यांचा राग रास्त होता. त्यांचं लेकरूही लेकरूच.

त्या दिवशी घरी आल्यावर मी त्याला मारलं. पहिल्यांदा नव्हे. वहीतल्या लाल शेऱ्यापायी आधीही मारलं होतं, पण त्या दिवशी खूप मारलं. रात्री झोपेत त्यानं चाचपडत माझा हात शोधला आणि गालाखाली घेऊन झोपला. तोच हात. मी सकाळपर्यंत कूस बदलली नाही.

सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या ओपीडीत आम्ही गेलो ते त्यानंतर. डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं, म्हणजे ज्याला एडीएचडी म्हणतात, ते एका भेटीत ठरवत नाहीत, असं त्यांनी आधीच सांगितलं. लक्षणं बारा वर्षांच्या आतली हवीत, सहा महिन्यांहून जास्त टिकलेली हवीत आणि एकाच ठिकाणी नव्हे तर निदान दोन ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेतही, दिसायला हवीत. म्हणून दोन प्रश्नावल्या दिल्या. एक आम्ही भरायची, दुसरी वर्गशिक्षकांनी. निघताना मी विचारलं, याला समजत नाही का? त्या म्हणाल्या, ‘समजतं, ताई. समजतं त्या क्षणाला थांबता येत नाही.’

शाळेनं ती प्रश्नावली तीन आठवडे ठेवून घेतली आणि कोरीच परत दिली. असल्या कागदांवर आम्ही सह्या करत नाही, म्हणाले. पुढच्याच सोमवारी तो अर्ज.

आज मला माहीत आहे की २००९ चा शिक्षण हक्क कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्याच्या सोळाव्या कलमानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. सतराव्या कलमात शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. तेराव्या कलमात प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला मनाई आहे. काढता येत नाही म्हणूनच तर आमच्याकडून विनंतीचा अर्ज लिहून घेतात. कायदा माझ्या बाजूचा होता आणि मीच माझ्या हातानं तो बाजूला सारला. हे लिहिताना आजही घसा दाटतो. कुणा आईबापासमोर उद्या असा कोरा कागद आला तर त्यांनी एवढंच म्हणावं, की काढायचं असेल तर कारण लिहून तुम्ही काढा, आम्ही अर्ज देणार नाही.

मग शाळा शोधणं सुरू झालं. तीन खासगी शाळा झाल्या. तिन्हीकडे पहिला प्रश्न हाच, आधीची शाळा वर्षाच्या मधेच का सोडली? एका ठिकाणी दादाला खुर्चीत बसवून पहाडे विचारले. त्यानं सगळे सांगितले, पण सांगताना टेबलावरचा पेपरवेट सात वेळा फिरवला. संध्याकाळी फोन आला, जागा भरल्या.

नात्यातल्या एकानं विशेष शाळेचं सुचवलं. तिथल्या बाईंनी त्याच्याशी तासभर गप्पा मारल्या, चित्रं काढून घेतली आणि मला बाहेर येऊन म्हणाल्या, ‘याची बुद्धी चांगली आहे. आमच्याकडची मुलं वेगळी, इथे याचं नुकसान होईल.’ त्यांनी खरं ते सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण त्या दिवशी रिक्षात मला उमगलं की आपलं लेकरू दोन्ही दारांच्या मधल्या जागेत उभं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. नुसत्या अतिचंचलतेचं वेगळं नाव त्या यादीत नाही. म्हणजे प्रमाणपत्राचाही आधार नाही.

आणि सल्ला देणारे तर पावलोपावली. निवासी शाळेत घाला, तिथं सरळ करतात. हे ‘सरळ करतात’ मी इतक्यांदा ऐकलं की ते शब्द ऐकले तरी पोटात कालवाकालव होते. एक निवासी शाळा आम्ही पाहूनही आलो. जेवणाच्या रांगेत दोनशे मुलं उभी होती आणि चिमणीएवढाही आवाज नव्हता. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आम्ही प्रवेशाचा फॉर्म न घेताच परतलो.

त्या वर्षीची येळवस मला कायम लक्षात राहील. लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना येळवस सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातली वेळा अमावस्या. त्या दिवशी शहर ओस पडतं, जो तो शेतात. कडब्याची कोप करायची, आत पांडवांची पूजा मांडायची, आंबिलीची बिंदगी डोक्यावर घेऊन जायचं, भज्जी, बाजरीचे उंडे, येईल त्याला जेवायला बसवायचं. आमचं गाव औसा तालुक्यात. सकाळी आठला पोचलो तेव्हा मी मनात धरूनच आले होते की आज पाहुण्यांसमोर काहीतरी होणार.

काहीच झालं नाही. चुलत सासऱ्यांनी त्याच्या हातात एक छोटी कळशी दिली आणि विहिरीवरून कोपीपर्यंत पाणी आणायला लावलं. शंभर पावलं असतील. त्यानं अकरा खेपा केल्या, मी मोजल्या. दर खेपेला कळशी कोपीजवळच्या रांजणात ओतायची, पाणी कुठवर आलं ते वाकून बघायचं, पुन्हा पळायचं. मग त्याच रांजणाला टेकून तो पूजेला बसला. वीस मिनिटं. हललाही नाही. ज्या मुलाबद्दल ‘दोन मिनिटं जागेवर बसत नाही’ असं मला लिहून आलं होतं, तो तिथे हात जोडून बसला होता.

संध्याकाळी हेंडगा, म्हणजे गवताची मशाल, पेटवून पिकातून फिरवून आणल्यावर बांधावर बसून हे पहिल्यांदाच मोकळं बोलले. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते, त्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हे तेव्हा सात वर्षांचे, त्या येळवशीला दादा होता तेवढे. त्यांचं गाव पडलं, घरातली दोन माणसं गेली. पुढे कितीतरी महिने शाळा पत्र्याच्या शेडमध्ये. ‘आम्ही काय करत नव्हतो?’ हे म्हणाले. ‘तासाच्या मधेच उठून पळायचो. मी तर एकदा गुरुजींच्या हाताला चावलो. एक शब्द बोलले नाहीत ते. सगळ्यांना ठाऊक होतं ना, आम्हाला काय झालंय ते. पत्रा वाजला तरी आम्ही बाहेर पळायचो. गुरुजी सांगायचे, पळा, जाऊन या, मग बसा.’

मी ते कितीतरी दिवस मनात घोळवत होते. कारण दिसत होतं म्हणून माणसं क्षमा करत होती. माझ्या लेकराचं कारण दिसत नाही. ते पडलेल्या घरासारखं समोर नाही. पण दिसत नाही म्हणजे नाहीच असं कसं म्हणायचं?

पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक असतात, शाळाशाळांतून फिरतात, हे मला रुग्णालयातल्याच एका बाईंनी सांगितलं. त्यांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून औसा रस्त्यावरच्या एका गावाचं नाव सांगितलं. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट सत्तावीस. ह्यांचं कृषी सेवा केंद्र औशाला, म्हणजे जाता-येता वाटेवरच. ‘एकदा जाऊन या,’ एवढंच ते शिक्षक म्हणाले.

लातुरातल्या आमच्या गल्लीत जिल्हा परिषदेच्या शाळेचं नाव काढलं की लोक बिचकतात. मीही बिचकले. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, भिंतीवर बाराखडी, अंगणात मोठं कडुलिंबाचं झाड आणि त्याच्या पलीकडे पाण्याची टाकी. पहिली-दुसरी एका वर्गात, एका बाईंकडे. बाकं नाहीत, सतरंज्या. मी फाइल उघडून प्रश्नावली, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं दाखवायला लागले. बाईंनी फाइल घेतली नाही. दादा एव्हाना झाडावर चढला होता, त्याच्याकडे बघत त्यांनी विचारलं,

‘हे असं किती वाजता करतंय?’

दोन वर्षांत मला लोकांनी पुष्कळ विचारलं होतं. असा का आहे? घरी काय खायला देता? मोबाइल बघतो का? तुमच्यात भांडणं होतात का? किती वाजता, हे कुणी विचारलं नव्हतं. मला उत्तर येत नव्हतं. मग आठवलं, फोन अकरा-चाळीसला यायचा.

बाईंनी शंभर पानी वही घेतली आणि पट्टीनं तीन रकाने आखले. आधी काय चाललं होतं. त्यानं काय केलं. नंतर काय झालं. पहिला महिनाभर त्यांनी दुसरं काही केलं नाही, फक्त लिहिलं. डॉक्टरबाईंनी मागाहून सांगितलं की वर्तन समजून घ्यायची ही जगभर चालणारी रीत आहे. पण बाईंनी ती डी.एड.ला शिकलेली एक गोष्ट म्हणून धरून ठेवली होती.

महिन्याअखेर त्यांनी मला वही दाखवली. एकोणीस नोंदी. त्यांतल्या तेरा, फळ्यावरून वहीत उतरवून घेताना. चार खिचडीच्या रांगेत. दोन किरकोळ. मी तो तिसरा रकाना वाचत राहिले. जुन्या शाळेत नंतर काय व्हायचं? त्याला वर्गाबाहेर काढायचे. म्हणजे उतरवून घेणं टळायचं. सात वर्षांच्या जिवाला जमत नव्हतं ते टाळायचा एक रस्ता सापडला होता, आणि आम्ही सगळे मिळून तो रस्ता रोज झाडून साफ करून देत होतो.

पहाडे तोंडपाठ असणाऱ्या मुलाला ‘ष’ आणि ‘प’ लिहिताना गोंधळ होतो, जोडाक्षर आलं की पेन्सिल मोडते, हे आईच्या नजरेतून सुटलं होतं. पुढे आठ वर्षं पूर्ण झाल्यावर रीतसर चाचण्या झाल्या. लेखनातली अध्ययन अक्षमता निघाली. ती त्या एकवीसमध्ये आहे. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. पण ते पुढचं.

बाईंनी केलेले बदल ऐकायला अगदी साधे आहेत. फळ्यावरच्या पाच ओळींऐवजी त्यानं एक लिहायची, बाकीच्या तोंडी सांगायच्या. एक ओळ झाली की उठून टाकीपर्यंत जाऊन यायचं, परवानगी न विचारता. खिचडीच्या रांगेत तो उभाच राहत नाही, त्या वेळी पहिलीच्या लेकरांची ताटं मांडतो आणि त्यांच्याबरोबर जेवतो. राग चढायला लागला की सतरंजीची एक कड हातानं दाबून धरायची, बाईंना कळतं. सत्तावीसचा पट आहे म्हणून त्यांना हे जमतं, असं त्या स्वतःच सांगतात. कायद्यात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलं आहे. अठ्ठावन्न मुलांच्या वर्गातल्या त्या पहिल्या बाईंवरचा माझा रागही त्यामुळे पुष्कळ उतरला. त्यांच्याकडे वही घालायला वेळच नव्हता.

म्हणून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा मी ती बातमी कात्रण काढून ठेवली. आमच्या शाळेचा पट वीसच्या वर आहे, पण फार वर नाही. एखाद्या लेकराला त्याच्या गावातली सत्तावीस मुलांची शाळाच लागते, हे त्या हिशेबात कुठे धरतात?

गोळीबद्दलही लोक विचारतात. सहा महिने वागणुकीवर काम करून मग डॉक्टरबाईंनी मेथिलफेनिडेट कमी मात्रेत सुरू केली. भूक मंदावते, झोपेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून दर महिन्याला वजन-उंची. प्रत्येक मेडिकलवर ती मिळत नाही, आधी फोन करून जावं लागतं. गोळीनं तो शांत बसतो असं नाही. बाईंचं वाक्य पुरं ऐकून घ्यायला त्याला थोडा जास्त अवकाश मिळतो.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. गेल्या श्रावणात तीन दिवस झड लागली होती. अंगण चिखलाचं, टाकीपर्यंत जाणं बंद. तिसऱ्या दिवशी त्यानं एका मुलीला ढकललं, तिच्या कपाळाला खोक पडली, दोन टाके. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लागली. मी फाइल घेऊन गेले, मनात तोच कोरा कागद. मुलीची आई समितीवर होती, रोजगाराला जाणारी, कपाळापर्यंत पदर. सगळे बोलून झाल्यावर ती म्हणाली, ‘माझ्या पोरीला लागलंय, मला राग हाय. त्याला माझ्या पोरीच्या जवळ बसवू नगा. पण पाऊस असला की ते लेकरू फिरणार कुठं, त्याचं आधी बगा.’

पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीनं व्हरांड्याच्या टोकाला पत्रे टाकून दिले. टाकीपर्यंत नाही, पण आठ-दहा पावलं कोरडी जागा झाली.

दादा आता चौथीत आहे. शाळा चौथीपर्यंतच, म्हणजे जूनमध्ये पुन्हा नवी शाळा. परवा आम्ही एक बघून आलो, पाचवी ते दहावी. मुख्याध्यापकांनी विचारलं, मुलगा कसा आहे? मी पिशवीतून बाईंच्या नोंदींच्या तीनही वह्या काढून त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि पहिली वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. खिडकीतून दादा दिसत होता. त्यानं पाण्याची टाकी शोधून काढली होती आणि ऑफिसच्या पायरीपासून तिथवर किती पावलं होतात ते मोठ्यानं मोजत चालला होता.